जमैकाचा फोन

जमैकावर तुफान आलं आणि कुरुंद्यात कोंडीबा खिल्लारेंच्या घरचा सकाळचा चहा दुपारी होऊ लागला.

आकांक्षाचा शेवटचा निरोप मंगळवारी सकाळी आला होता, नेहमीसारखा वहिनीच्या मोबाइलवर. 'वहिनी, उद्या मोठं वादळ येऊन राहिलं. आम्ही सगळ्या नर्स दवाखान्यातच थांबणार. मायला सांगू नको.' विशाखानं सासूला खरंच सांगितलं नाही. तिनं फक्त नवऱ्याला सांगितलं. भीमराजनं जळबाकाकाला सांगितलं. आणि जळबाकाकाला सांगितलं म्हणजे वसमतच्या हळदीच्या बाजारात भोंगा लावून सांगितल्यासारखंच होतं. सांजेच्या आत पद्माबाई ओट्यावर येऊन बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, "मला न सांगन्याजोगं काय झालं, तेवढं सांग."

पुढं मात्र सांगण्याजोगं कुणाकडंच काही उरलं नाही. टीव्हीवर उडालेली छपरं दिसायची, रस्त्यावर आलेला समुद्र दिसायचा, जमिनीला टेकलेली नारळाची झाडं दिसायची. विशाखा निरोपामागून निरोप धाडत होती आणि प्रत्येकापुढं एकच टिक उमटत होती. दुसरी काही केल्या येईना.

"नाव काय म्हने त्या तुफानाचं?" जळबाकाकानं विचारलं.

"मेलिसा," विशाखा म्हणाली.

"बाईचं नाव? मंग ऐकत न्हाई ते कोनाचं."

पद्माबाईंनी दिराकडं असं पाहिलं, की काकानं हातातला चहा तसाच ठेवला आणि आपल्या सोयाबीनची पाहणी करायला निघून गेला. सप्टेंबरच्या पावसात त्याचं सोयाबीन केव्हाच वाहून गेलं होतं, पण घरातून काढता पाय घ्यायला अजून तेच कामी येत होतं.

भीमराज या सगळ्यात कुठं होता? तो घरभर होता. शाळेला दिवाळीची सुट्टी, पोरं मामाकडं शिरड शहापूरला. त्यामुळं मास्तरला वर्ग नव्हता आणि मास्तरला वर्ग लागतोच. त्यानं घरच्यांना भूगोल शिकवला. जमैका हे बेट कसं, तिथं रात्र असताना आपल्याकडं दिवस कसा, वादळाचा डोळा म्हणजे काय. त्याचे वडील कोंडीबा सगळं ऐकून घेत आणि शेवटी एवढंच विचारत, "मंग पोरगी कुठं हाय?" तिथं मास्तरचा भूगोल संपत असे.

खरं तर या घरात आकांक्षाचं नाव भीमराजसमोर जपूनच घेतलं जायचं. नांदेडला नर्सिंगला तिला यानंच घातलं होतं. मोटारसायकलच्या मागं गादी बांधून होस्टेलला यानंच सोडलं होतं. आपल्याहून पंधरा वर्षांनी धाकटी बहीण. तिच्या शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून सहीसुद्धा याचीच. पण ती परदेशी निघाली तेव्हा हाच आडवा पडला. जळबाकाका याच्या बाजूनं, पद्माबाई आणि विशाखा पोरीच्या बाजूनं, आणि कोंडीबा नेहमीप्रमाणं म्हशीच्या बाजूनं, म्हणजे गोठ्यात. त्या भांडणात भीमराज बोलून गेला होता, "गेलीस तं मला फोन करू नको."

रागात माणूस काहीही बोलतं. तो स्वतः चार दिवसांत विसरलाही असता. पण आकांक्षाही याच घरची. तिनं ते शब्दाला शब्द पाळलं. दोन वर्षं तिचा फोन वहिनीला यायचा, मायला यायचा, एकदा तर चुकून गोठ्यात बाबांनाही आला, भीमराजला नाही. विशाखाचा फोन सुरू झाला की हा टीव्हीवरच्या बातम्यांचा आवाज हळूहळू कमी करत जायचा. शेवटी निवेदक नुसतेच ओठ हलवत बसायचे आणि हा त्यांच्याकडं एकटक बघत राहायचा. विशाखाला ते दिसायचं. मग तीही मुद्दाम मोठ्यानं बोलायची, "व्हय का, ताप उतरला का? पगारी रजा देतेत का तिकडं?" नवरा-बायकोत याबद्दल कधी एक अक्षर झालं नाही.

शुक्रवारी सकाळी पद्माबाईंनी बाजू बदलली.

"तिला बोलावून घ्या," त्या म्हणाल्या. "एकदा का फोन लागला की सांगायचं, हाय तशी निघ. म्याच चुकले, तिला जाऊ दिलं. भीमराज बराबर बोलत व्हता."

भीमराज दाढी करत होता. त्याचा हात थांबला. दोन वर्षं तो या वाक्याची वाट पाहत होता. ते ऐकल्यावर आपण काय म्हणायचं, हेही त्यानं मनात ठरवून ठेवलं होतं. आता वाक्य आलं आणि त्याला काही केल्या आनंद होईना. माय हरली म्हणजे पोरीचं काही खरं नाही, असं त्याला वाटलं.

"तसं न्हाई, माय," तो गालाला साबण तसाच ठेवून म्हणाला, "ती काही हौसंनं गेली न्हाई. नोकरी हाय तिची."

"आता? आता तू मला सांगतो?"

तेवढ्यात जळबाकाका आत आला. वारा कुठून आहे याचा अंदाज न घेता तो म्हणाला, "वैनी, म्या तं पहिल्यापासून म्हनत व्हतो, पोरीला जाऊ द्या. शिकली-सवरली हाय."

"तुमी म्हनत व्हते?" पद्माबाई उसळल्या.

"म्हंजे... मनात."

विशाखा हसू दाबत आत गेली. हसून झाल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले. ते नुसतं हसण्याचं पाणी नव्हतं.

भीमराजनं मग पुरुषानं करायचं ते केलं. वशिला लावला. हिंगोलीत एका पुढाऱ्याकडं देविदास नावाचा माणूस होता. साहेबांचे फोन तो घ्यायचा, आणि साहेबांपेक्षा त्याचाच रुबाब जास्त होता. भीमराजनं त्याला फोन लावला, गच्चीवर गेला आणि वर्गात बोलतो तसं शुद्ध बोलू लागला.

"नमस्कार, देविदासराव. माझी भगिनी जमैका येथे परिचारिका आहे. तिकडे चक्रीवादळ झालेले आहे. दूतावासामार्फत काही तपास..."

"जमैका," देविदास विचार करत म्हणाला. "आपल्या मतदारसंघात न्हाई ना ते?"

"नाही, वेस्ट इंडीजकडे."

"हां. कसं हाय सर, साहेब सध्या दौऱ्यावर हायेत. निवडणुका तोंडावर आल्या. सोमवारनंतर एक अर्ज आणून द्या, मी स्वतः वादळाचं बघतो."

हे बोलणं चाललेलं असताना भीमराजच्या कानात मधेच टूं टूं वाजू लागलं. दुसरा कुणाचा तरी फोन येत होता. त्यानं मोबाइल कानापासून दूर धरून पाहिलं. प्लस लागलेला, लांबलचक, अनोळखी नंबर. असल्या नंबरांचा मास्तरला फार अनुभव. लॉटरी लागली म्हणतात, खातं बंद होणार म्हणतात. सगळ्या पालकसभेला त्यानं सांगून ठेवलं होतं, असा नंबर दिसला की उचलायचाच नाही. त्यानं कापला. देविदास साहेबांचा दौरा गावागणिक सांगत होता. पुन्हा टूं टूं. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा आला तेव्हा चिडून कापला आणि देविदासला म्हणाला, "माफ करा, मधेच कुणीतरी त्रास देत आहे."

खाली येऊन त्यानं विशाखाला सांगितलं, काम होण्यासारखं आहे. सोमवारनंतर.

"इतका वेळ त्याच्याशीच बोलत व्हता?"

"एक फालतू फोन मधे येऊन राहिला व्हता. तीन बार कापला. इदेशी नंबर, फसवनारे असतेत."

विशाखा भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. "इदेशी?"

आपण काय बोललो ते भीमराजला तिच्या तोंडाकडं पाहून कळलं. त्यानं मोबाइल काढला. बोटं घामेजली होती, मोबाइलचं कुलूप उघडेना. विशाखानंच पिठाच्या हातानं घेऊन उघडलं, आणि दोघांनी मिळून तो नंबर पाहिला.

परत लावून पाहिला. लागत नव्हता. बाहेरदेशी बोलायचं रिचार्ज नाही असं कळलं. ते केलं, तरी लागत नव्हता. एव्हाना विशाखाचा आवाज चढला होता आणि सगळे गोळा झाले होते. भीमराजला वाटलं, माय आता ओरडेल. माय ओरडली असती तर फार बरं झालं असतं. त्यांनी मोबाइल हातात घेतला, काचेवरचं पीठ पदरानं पुसलं, आणि ज्याला नंबर वाचता येत नाही त्या माणसानं पाहावं तसं त्या नंबराकडं बराच वेळ पाहत राहिल्या.

"म्हंजे पोरगी हाय," कोंडीबा म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"तीन बार फोन करती म्हंजे हाय ना. मेलेलं मानूस एक बार बी करत न्हाई." आणि ते गोठ्याकडं निघाले. जाताना मुलाच्या खांद्यावर हात टेकवून गेले. टेकण्याइतके काही ते थकलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून भीमराज नजरकैदेत होता. ओट्यावर, जिथं रेंज भरपूर, तिथं त्याला खुर्ची टाकून दिली. समोर पद्माबाई. बाजूला विशाखा, मोबाइल चार्जिंगला लावायची वायर गळ्यात घालून. जळबाकाका फाटकाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हळू आवाजात सांगत होता, "हाच तो. यानंच कापला." भीमराज मोरीकडं जायला उठला तेव्हा माय म्हणाली, "फोन हितंच ठेव." तो परत बसला.

मोबाइल वाजत होता, पण भलत्यांचाच. मुख्याध्यापकांचा आला, कापला. पुसेगावच्या मावशीचा 'काही कळलं का' म्हणून आला, कापला. देविदासचा आला. भीमराजनं मायकडं पाहिलं, आणि तोही कापला. दौऱ्यावरच्या साहेबांच्या माणसाचा फोन आपण कापतो आहोत, याचं त्याला काही वाटलं नाही, हेच त्याला जरा नवल वाटलं.

आणि मग प्लसवाला नंबर आला.

सगळ्यांनी एकदमच हात पुढं केले. त्या गर्दीत भीमराजनं तो उचलला कसा, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"हॅलो?"

आधी नुसती घरघर. मग, फार लांबून, "दादा?"

वर्गात चाळीस पोरांवर आवाज चढवणारा माणूस नुसता मान हलवत होता, जणू तिला दिसणारच होतं.

"दादा, हाय का तू? का पुन्हा कापला?"

"हाय," तो म्हणाला.

"काल तीन बार केला. तू कापला. म्हनलं, अजून राग गेला न्हाई वाटतं." ती हसत होती, पण त्या हसण्यात दम नव्हता. "आज आखरी बार करून पाहते म्हनलं."

"तसं न्हाई, आकू. मी..." देविदास, गच्ची, फसवणारे लोक, सगळं त्याच्या जिभेवर आलं आणि तिथंच थांबलं. "राग न्हाई. राग कवाच न्हवता."

"तं मंग दोन वर्स?"

"तू बी तं केला न्हाई."

"तूच म्हनला व्हता, करू नको!"

विशाखानं हात मारून फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. भीमराजचे कान लाल झाले, पण फोन त्यानं सोडला नाही.

आकांक्षा भराभर बोलू लागली. हा मदतीला आलेल्या माणसांचा फोन होता आणि मागं मोठी रांग होती. दवाखान्याचं छप्पर गेलं होतं. वारा आत शिरला तेव्हा त्यांनी पेशंट खाटेसकट जिन्याखाली ओढून नेले. बाळंतिणींच्या वार्डात तिच्या मांडीपर्यंत पाणी होतं. त्याच पाण्यात एक बाळंतपण झालं. मुलगी झाली, धडधाकट आहे. ती राहायची ती खोली समुद्रात गेली, आणि तिचा मोबाइलही. घरमालकीण मिस व्हर्ना, ऐंशीच्या पुढची म्हातारी, कपाटात बसून वाचली आणि आता सगळ्यांना दटावत फिरते आहे.

"मोबाइल गेला, सगळ्यायचे नंबर गेले. पाठ कोनाचाच न्हाई. वहिनीचा न्हाई, मायचा न्हाई. तुझाच पाठ हाय."

"माझा?"

"होस्टेलला सोडलं तवा फाटकाशी उभं करून पाठ करून घेतला न्हाई का तू? चुकला की पुन्हा पहिल्यापासून म्हन. पोरी हसत व्हत्या मला."

विशाखानं गळ्यातली वायर उगाच काढून पुन्हा घातली.

पद्माबाईंनी फोन ओढून घेतला. "आकू, निघ तिथून. हाय तशी निघ."

"माय, कशी निघू? विमानं न्हाईत अजून."

"सुरू झाले की निघ."

"न्हाई माय. आत्ता न्हाई निघता येत." तिचा आवाज हळू झाला. "आमी थोड्याच नर्स उरलो. निम्म्यायचे घरं गेले, त्या आपल्या लेकराबाळायजवळ गेल्या. मी एकटी, मला कोनतं लेकरू हाय? तंबूत दवाखाना चालू केला आमी."

"भीमराज!" पद्माबाईंनी फोन त्याच्यापुढं धरला. "तू सांग. तुझं ऐकंल ती. तुझाच नंबर पाठ हाय तिला."

सगळे त्याच्याकडं पाहू लागले. माय, बायको, काका, गोठ्यातून आलेले बाबा. दोन वर्षांपूर्वी यांतलं एकही माणूस असं बघत नव्हतं. आज सगळं घर त्याच्या मागं होतं. त्यानं नुसतं 'ये' म्हणायचं होतं. ती आली असती, हे त्याला तिच्या श्वासावरून कळत होतं. थकलेली होती. कुणीतरी 'ये' म्हणायची तीही वाट बघत असावी.

"आकू," तो म्हणाला, "झोप घेतली का?"

"न्हाई."

"जेवली का?"

"फणसावानी एक फळ असतं इकडं. इस्तवावर भाजून मिस व्हर्ना आनून देते. आज तिनं तिचं बी मलाच दिलं."

मागून तिकडच्या भाषेत कुणीतरी तिला हाक मारली, आणि ती घाईघाईनं त्याच भाषेत काहीतरी बोलली. ते त्याला समजलं नाही. पण तो आवाज घरच्या आकूचा नव्हता. तो कामावरच्या बाईचा होता. जिला लोक हाक मारतात आणि जी जाते, तिचा.

"ऐक," तो म्हणाला. "आधी झोप. मंग काम कर. तिथलं निपटलं की ये. तुला वाटंल तवा ये. मी घ्यायला येतो, हैदराबादपस्तोर."

पलीकडं घरघर झाली. ती रडते आहे की लाइन खराब आहे, ते कळायला मार्ग नव्हता.

"उद्या याच टायमाला करते, दादा," एवढं ऐकू आलं, आणि फोन गेला.

पद्माबाई उठल्या. लुगडं झटकलं.

"दोन वर्स बोलला न्हाई," त्या म्हणाल्या, "अन् बोलला तं हे बोलला."

"माय, तीन वर्सांमागं आपल्या घरात छातीइतकं पानी आलं, तवा मी तुला म्हनलं व्हतं, पानी उतरंपस्तोर चल माझ्यासंग नांदेडला. तू आली व्हती का?"

"म्या काहून येऊ? माझं घर व्हतं. म्हैस व्हती."

"मंग?"

पद्माबाई आत गेल्या, आणि बराच वेळ आतून भांडी वाजत राहिली. घासायला काढलेली नव्हती तीसुद्धा.

दुपारी जेवताना त्या भीमराजशी बोलल्या नाहीत. "विशाखा, तुझ्या नवऱ्याला इचार, भाकर पाहिजे का." विशाखा म्हणाली, "अहो, आत्याबाई इचारतेत, भाकर पाहिजे का." भीमराज म्हणाला, "अर्धी." विशाखा म्हणाली, "आत्याबाई, अर्धी." पद्माबाईंनी दीड वाढली. जळबाकाका घास मोडत म्हणाला, "वैनीचं बराबर हाय. म्या तं पहिल्यापासून म्हनत व्हतो, पोरीला बोलवा." त्यावर कोंडीबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. या आठवड्यात त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं. पाण्याचा तांब्या पद्माबाईंनीच पुढं केला आणि नवऱ्याची पाठ चोळता चोळता स्वतःही हसल्या, तोंड भिंतीकडं करून.

पण अबोला काही सुटला नाही. संध्याकाळची बुद्धवंदना झाली, तेव्हाही त्या मुलाच्या बाजूनं न बसता सुनेच्या पलीकडं बसल्या. वंदना संपल्यावर मात्र नेहमीपेक्षा जास्त वेळ डोळे मिटून राहिल्या.

रविवारी सकाळी भीमराज न सांगता ओट्यावर जाऊन बसला. खुर्ची त्यानं आपली आपण आणली. पद्माबाई समोर पाठ करून तूर निवडत होत्या. जळबाकाकाला विशाखानं चहाचं आमिष दाखवून आत बसवून ठेवलं होतं. मोबाइल वाजला. नंबर तोच, प्लसवाला.

भीमराजनं तो न उचलता मायपुढं धरला. म्हटलं, पहिल्यांदा तिनं बोलावं, म्हणजे राग तरी जाईल.

पद्माबाईंनी फोनकडं पाहिलं. हात तुरीनं भरलेले. दोनदा वाजला, तिसऱ्यांदा वाजला, तरी त्यांनी तो घेतला नाही.

"माझ्याफुडं काय धरतो?" त्या म्हणाल्या. अबोला सुरू झाल्यापासूनचं हे पहिलं वाक्य. "तुला केलाय तिनं. उचल."

त्यानं उचलला.

"बोल, आकू," तो म्हणाला. पद्माबाईंनी सूप खाली ठेवलं आणि हळूच मुलाच्या खुर्चीजवळ सरकून बसल्या.